सुझुकी, आबे, ओनो: जपानी आडनावबंधूंविषयी वाचकांचे प्रश्न

जपानी आडनावांबद्दलच्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या वेशांत येते: हा आणि तो एकाच घरातले का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. पण ते देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. आडनाव कोणत्या कांजींनी, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चिन्हांनी, लिहितात, त्या कांजी कशा वाचतात आणि ते आडनाव माणसाला जन्मानं मिळालं की मागाहून. देवनागरीत किंवा रोमनमध्ये यांतली एकही गोष्ट दिसत नाही, म्हणूनच घोळ होतो.

प्रश्न: मोटारसायकलवाले सुझुकी, व्हायोलिनवाले सुझुकी, झेनवाले सुझुकी आणि बेसबॉलवाले सुझुकी. एवढे कर्तबगार लोक एकाच घराण्यात कसे?

एका घराण्यात नाहीतच. सातोच्या खालोखाल सुझुकी हे जपानातलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. मूळ कुमानोच्या देवस्थानाशी जोडलेलं, पुढे पूर्व जपानात फैलावलेलं. लिहिताना ‘घंटा’ आणि ‘झाड’ अशा दोन कांजी येतात. खाली येणारे सगळे सुझुकी हीच दोन चिन्हं लिहितात, म्हणून कांजी पाहूनही इथे काही उलगडत नाही. माणूस माणूस वेगळा करावा लागतो.

मिचिओ सुझुकी (१८८७–१९८२) यांनी १९०९ मध्ये हामामात्सुला मागांचा कारखाना काढला. मोटारसायकली आणि गाड्या नंतरच्या. शिनइची सुझुकी (१८९८–१९९८) नागोयाचे. त्यांचे वडील मासाकिची यांनी जपानात कारखान्यात व्हायोलिनं बनवायला सुरुवात केली आणि मुलानं लहान मुलांना कानानं शिकवायची पद्धत बसवली. हामामात्सु आणि नागोया जवळजवळ, दोघांच्या घरी कारखाना, म्हणून त्यांना भाऊ ठरवणारे पुष्कळ भेटतात. ते भाऊ नव्हते.

झेनचे सुझुकीही एक नव्हेत, दोन. दाइसेत्सु तेइतारो सुझुकी (१८७०–१९६६) हे लेखक आणि अभ्यासक. १९५० च्या दशकात त्यांनी कोलंबिया विद्यापीठात शिकवलं. शुनऱ्यू सुझुकी (१९०४–१९७१) हे झेनमधल्या सोतो पंथाचे भिक्षू. ते १९५९ मध्ये सान फ्रान्सिस्कोला गेले आणि तिथलं झेन केंद्र त्यांनी उभं केलं. पुस्तकाच्या पाठीवर नुसतं ‘सुझुकी’ दिसलं तर आधी पंथ पाहा: पहिल्यांचा ओढा रिन्झाई या दुसऱ्या झेन पंथाकडे, दुसरे सोतोचे.

यांखेरीज कानतारो सुझुकी १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा पंतप्रधान होते आणि झेनको सुझुकी १९८० ते १९८२ या काळात. आकिरा सुझुकींना २०१० चं रसायनशास्त्राचं नोबेल रिचर्ड हेक आणि एइइची नेगिशी यांच्यासोबत मिळालं. बोरॉनयुक्त सेंद्रिय रेणू आणि हॅलाइड यांना पॅलेडियमच्या साहाय्यानं जोडणाऱ्या ज्या अभिक्रियेला रसायनशास्त्रात ‘सुझुकी कपलिंग’ म्हणतात ती यांची. गाडीच्या क्लचशी तिचा काही संबंध नाही, हे सांगावं लागतं.

बेसबॉलपटू इचिरो (जन्म १९७३) यांच्या बाबतीत तर आडनावाचा सुळसुळाट त्यांच्या संघालाच नडला. १९९४ पासून त्यांचं नोंदणीचं नाव नुसतं ‘इचिरो’ झालं, कारण ‘सुझुकी’ हे आडनाव फारच सर्रास होतं. त्याच हंगामात त्यांनी २१० हिट मारले. जपानी लीगमध्ये एका हंगामात दोनशेचा टप्पा त्याआधी कुणी गाठला नव्हता. पुढे अमेरिकेत २००४ मध्ये २६२ हिटचा विक्रम झाला तेव्हाही पाठीवर आडनाव नव्हतं, ‘इचिरो’च होतं.

प्रश्न: ‘सुझुकी पद्धत’ संगीताची की नाटकाची?

दोन्हींची, आणि माणसं दोन. व्हायोलिनची पद्धत शिनइचींची. नटांच्या पायांवर, जमिनीवर आपटल्या जाणाऱ्या पावलांवर आणि श्वासावर उभी असलेली नटप्रशिक्षणाची पद्धत दिग्दर्शक तादाशी सुझुकी (जन्म १९३९) यांची. तोयामा प्रांतातलं तोगा हे त्यांचं केंद्र. कार्यशाळेची जाहिरात वाचून मुलाला व्हायोलिन घेऊन पाठवण्याआधी पूर्ण नाव वाचावं.

प्रश्न: शिन्झो आबे, लेखक कोबो आबे आणि ज्युदोतली आबे भावंडं यांचं नातं काय? सर्वत्र ‘आबे’च छापलेलं असतं.

उच्चार एक, आडनावं तीन. शिन्झो आबेंच्या नावात ‘शांती’ आणि ‘पट’ या अर्थाच्या कांजी आहेत. कोबो आबेंच्या (१९२४–१९९३) नावात ‘शांती’ तीच, पण दुसरी कांजी ‘विभाग’ अशा अर्थाची. हिफुमी आणि उता आबे यांच्या नावात दुसरी कांजी कोबोंचीच, पण पहिली वेगळी, केवळ ‘अ’ या ध्वनीसाठी वापरली जाणारी. जपानी वाचकाला हे तीन शब्द पाहताक्षणी वेगळे दिसतात. आपल्याला ते दिसत नाहीत याचं कारण आपण लिप्यंतर वाचतो. सख्खं नातं यांत एकच: हिफुमी आणि उता हे बहीण-भाऊ. २५ जुलै २०२१ रोजी तोक्योत दोघांनी एकाच दिवशी सुवर्ण जिंकलं, तिनं ५२ किलो गटात आणि त्यानं ६६ किलो गटात.

‘इतो’ची कथा याहून सरस आहे. जपानचे पहिले पंतप्रधान हिरोबुमी इतो (१८४१–१९०९), गणितज्ञ कियोशी इतो (१९१५–२००८, ज्यांच्या कलनावर आज शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या किमती काढल्या जातात), भयकथांचे चित्रकथाकार जुनजी इतो आणि टेबल टेनिसपटू मिमा इतो या सगळ्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘फुजी’ या फुलवेलीची कांजी आहे. ही कांजी आडनावात ‘तो’ अशी वाचली गेली की बहुधा फुजिवारा या जुन्या सरदार घराण्याशी नातं सांगितलेलं असतं. इसे प्रांतातले फुजिवारा ते इतो, कागातले कातो, ओमीतले कोन्दो. नातं सांगितलेलं असतं, सिद्ध झालेलं असतंच असं नाही. आता वास्तुकार तोयो इतो (जन्म १९४१, २०१३ चं प्रित्झकर पारितोषिक) पाहा. त्यांचा ‘तो’ म्हणजे ‘पूर्व दिशा’. फुलवेलीशी संबंध नाही. वर्गात किंवा प्रश्नमंजूषेत ‘पाच प्रसिद्ध इतो’ अशी यादी केली तर तोयो इतो तिच्यात बसत नाहीत. ही चूक छापील यादीतही सापडते.

होंडाचंही तसंच. उद्योजक सोइचिरो होंडा आणि फुटबॉलपटू केइसुके होंडा यांचा दुसरा अवयव ‘भातखाचर’ आहे. पहिल्या गॉडझिला चित्रपटाचे दिग्दर्शक इशिरो होंडा (१९११–१९९३) यांचा ‘पुष्कळ’ आहे.

प्रश्न: आकिरा कुरोसावा आणि कियोशी कुरोसावा, दोघेही दिग्दर्शक. वडील-मुलगा?

नाही. आकिरा (१९१०–१९९८) तोक्योचे, कियोशी (जन्म १९५५) कोबेचे. नातं नाही. अर्थ दोघांचा ‘काळी पाणथळ’ असाच होतो, पण आकिरांचा ‘सावा’ जुन्या, भरगच्च रेघांच्या रूपात लिहितात आणि कियोशींचा युद्धोत्तर काळात सोप्या केलेल्या रूपात. कांजींचं सुलभीकरण १९४० च्या दशकाच्या अखेरीस झालं तेव्हा सरकारी कागद आणि शाळा नव्या रूपांकडे वळल्या, पण कुटुंब-नोंदवहीतली, म्हणजे कोसेकीतली, आडनावं बहुधा जुनीच राहिली. म्हणून आडनावांत जुनी रूपं आजही जिवंत आहेत. ‘वातानाबे’मधल्या ‘बे’ची रूपं तर डझनांनी आहेत, आणि ‘साइतो’मधल्या ‘साइ’साठी निदान चार चिन्हं सर्रास चालतात. त्यांतली दोन मुळात वेगळे शब्द आहेत: एक ‘सोवळं, शुचिता’, दुसरं ‘समान’. जपानी माणसाला पत्र लिहिताना त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरचं रूप जसंच्या तसं उतरवावं. संगणक सुचवील ते पहिलं रूप घेऊ नये, आणि सोप्या रूपावर ‘अर्थ तोच ना’ असं म्हणू नये.

हारुकी, ऱ्यू आणि चित्रकार ताकाशी हे तीन मुराकामी एकाच कांजींचे असूनही परस्परांचे कोणी नाहीत. पत्रांमध्ये पहिल्या दोघांची पुस्तकं अदलाबदल झालेली दिसतात, म्हणून एवढंच लक्षात ठेवा: ऱ्यू (जन्म १९५२) वयानं लहान, पण पुस्तकानं आधीचे. त्यांना १९७६ मध्ये आकुतागावा पुरस्कार मिळाला. हारुकी (जन्म १९४९) यांचं पदार्पण १९७९ चं.

प्रश्न: जपानी शिकताना शिक्षकांनी एकच लिहिलेलं आडनाव दोन जणांसाठी दोन प्रकारे वाचलं. हा नियम आहे की लहर?

नियमही नाही, लहरही नाही, ते त्या त्या कुटुंबाचं आहे. सर्वांत देखणं उदाहरण ‘पीस’ आणि ‘जीवन’ या दोन कांजींचं. शोगीचे, म्हणजे जपानी बुद्धिबळाचे, महान खेळाडू योशिहारू हाबू (जन्म १९७०) आणि बर्फावरचे स्केटर युझुरू हान्यू (जन्म १९९४) यांचं आडनाव अक्षरशः एकच लिहिलं जातं. हाबूंनी १९९६ मध्ये शोगीची सातही पदं एकाच वेळी धारण केली होती. हान्यूंनी २०१४ आणि २०१८ ची हिवाळी ऑलिंपिक सुवर्णं जिंकली. योगायोग असा की २०१८ या एकाच वर्षी दोघांनाही सरकारचा ‘लोकसन्मान पुरस्कार’ मिळाला, हाबूंना फेब्रुवारीत आणि हान्यूंना जुलैत. त्या वर्षीचे मथळे जपानी न येणाऱ्यानं नुसत्या चिन्हांवरून वाचले असते तर एकाच माणसाला दोनदा पुरस्कार दिला असं वाटलं असतं.

दुसरं उदाहरण फॉर्म्युला वनचे युकी त्सुनोदा आणि नाओकी पुरस्कारविजेत्या कादंबरीकार मित्सुयो काकुता. चिन्हं तीच. पहिली कांजी ‘शिंग’ म्हणून वाचली तर ‘त्सुनो’, ‘कोपरा’ म्हणून चिनी उच्चारात वाचली तर ‘काकु’. आपण ‘२रा’ लिहून ‘दुसरा’ वाचतो, ‘दोनरा’ वाचत नाही. तसंच काहीसं, फक्त जपानीत ते पावलोपावली आहे.

शेवटच्या ‘ता’चा ‘दा’ होणं ही आणखी वेगळी भानगड. जगत् + ईश = जगदीश या संधीची आठवण यावी असा हा बदल आहे: समासातल्या दुसऱ्या पदाच्या आरंभीचा त चा द, क चा ग, स चा झ होतो. पण संस्कृत संधीसारखा तो बंधनकारक नाही. म्हणून यामासाकी आणि यामाझाकी दोन्ही आहेत. गाड्यांच्या कंपनीचं नाव याचंच फळ. संस्थापक घराणं तोयोदा. कंपनीसाठी १९३० च्या दशकात ‘तोयोता’ निवडलं गेलं, आणि त्या निवडीत कातकाना लिपीत हे नाव आठ फटकाऱ्यांत लिहून होतं हेही जमेस धरलं गेलं, कारण आठ आकडा तिथे शुभ. म्हणून ‘टोयोटा आडनावाची प्रसिद्ध माणसं’ शोधायला निघालात तर कंपनीच्या मालकांपैकी एकही सापडणार नाही.

वाचन कुठे पाहायचं? आतापर्यंत अडचण अशी होती की कोसेकीत कांजी असत, उच्चार नसे. २६ मे २०२५ पासून कायदा बदलला. आता नावाचं वाचनही कोसेकीत नोंदवलं जातं. पालिकांनी लोकांना त्यांचं गृहीत धरलेलं वाचन कळवलं आणि चूक असेल तर दुरुस्तीसाठी वर्षभराची, २५ मे २०२६ पर्यंतची, मुदत ठेवली. मुदतीत काही न कळवल्यास सूचनेतलं वाचन नोंदलं जातं. जिवंत नसलेल्या लेखकांसाठी राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या नाम-नोंदी पाहाव्यात. तिथे कांजी, वाचन आणि जन्म-मृत्यूची वर्षं एकत्र मिळतात.

प्रश्न: योको ओनो आणि ज्युदोपटू शोहेइ ओनो यांचं आडनाव एकच ना?

नाही, आणि इथे दोष देवनागरीचा आहे. योको ओनोंचं आडनाव ‘लहान माळ’, पहिला ‘ओ’ ऱ्हस्व. शोहेइ ओनोंचं (२०१६ आणि तोक्यो ऑलिंपिकमधली दोन सुवर्णं, ७३ किलो) ‘मोठा माळ’, पहिला ‘ओ’ दीर्घ, जवळजवळ ‘ओओनो’. अर्थ एकदम विरुद्ध. आपल्या लिपीत इ-ई, उ-ऊ यांना जोड्या आहेत, ‘ओ’ला नाही. म्हणून लहान माळ आणि मोठा माळ एकच होऊन बसतात.

रोमनमध्येही गत फारशी बरी नाही. पासपोर्टवर दीर्घ ‘ओ’ची खूण लागत नाही, दोघेही ‘ओ-एन-ओ’ होतात. अर्ज केला तर दीर्घत्व दाखवायला ‘ओ’पुढे ‘एच’ लावता येतो. हा ‘एच’ उच्चारायचा नसतो, तो फक्त लांबी सांगतो. मराठी क्रीडापानांवर दिसणारं ‘ओहतानी’ म्हणूनच चूक: बेसबॉलपटू शोहेइ यांचं आडनाव ‘ओतानी’, पहिला स्वर ओढून. ‘ओहनो’ही तसंच चूक. लांबी दाखवायचीच असेल तर सूचीत एकदा ‘ओओतानी’ असं लिहून पुढे मजकुरात ‘ओतानी’ ठेवावं. ‘ह’ घालू नये.

असंच ‘मोरी’ आणि ‘मोओरी’. लेखक ओगाइ मोरी, फॅशनवाल्या हानाए मोरी (१९२६–२०२२) आणि माजी पंतप्रधान योशिरो मोरी हे ‘वन’ या अर्थाचे ऱ्हस्व मोरी. सोळाव्या शतकातले सरदार मोतोनारी आणि १९९२ मध्ये अवकाशात गेलेले मामोरू हे दीर्घ मोओरी, कांजी पूर्ण निराळ्या. (मराठीत या शब्दाला भलताच वास येतो, त्याला इलाज नाही.)

प्रश्न: सख्ख्या भावांची आडनावं वेगळी कशी असू शकतात? एका लेखात नोबुसुके किशी आणि एइसाकु सातो यांना सख्खे भाऊ म्हटलं होतं.

लेख बरोबर आहे. दोघेही पंतप्रधान झाले, किशी १९५७ ते १९६०, सातो १९६४ ते १९७२. सातोंना पुढे १९७४ चं शांततेचं नोबेलही मिळालं. त्यांचे वडील जन्मानं किशी. सातो घरात जावई म्हणून गेले आणि सातो झाले. दुसरा मुलगा नोबुसुके पुढे वडिलांच्या मूळ घरी दत्तक गेला आणि पुन्हा किशी झाला. हाच धागा पुढे ओढा: शिन्झो आबे हे किशींच्या मुलीचे पुत्र. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ नोबुओ तान्हा असताना आजोळी दत्तक गेला, म्हणून नोबुओ किशी. २०२० ते २०२२ या काळात ते संरक्षणमंत्री होते. आपण आबे घरातले आहोत हे त्यांना कळलं विद्यापीठ-प्रवेशासाठी कोसेकीची नक्कल काढली तेव्हा. म्हणजे एका कुटुंबातले किशी, सातो, आबे. आणि तिकडे कोबो आबे कुणाचेच कोणी नाहीत.

विज्ञानातलं उदाहरण हिदेकी युकावा (१९०७–१९८१), १९४९ मध्ये नोबेल मिळवणारे पहिले जपानी. जन्मनाव ओगावा. १९३२ मध्ये लग्न करून ते पत्नीच्या घरचे युकावा झाले. त्यांचे एक भाऊ, चीनचे इतिहासकार शिगेकी, काइझुका झाले. दुसरे, चिनी साहित्याचे अभ्यासक तामाकी, ओगावाच राहिले. तीन विद्वान भाऊ, तीन आडनावं. वंशावळ आडनावावरून लावणाऱ्याची इथे दांडी उडते.

या प्रथेला ‘मुकोयोशी’ म्हणतात. मराठीत ‘घरजावई’ हा जवळचा शब्द, पण मुकोयोशी नुसता सासरी राहत नाही, सासू-सासरे त्याला कायद्यानं दत्तक घेतात. त्यासाठी पालिकेत दोन नोंदी लागतात, एक विवाहाची आणि एक दत्तकाची. नुसत्या विवाहनोंदीत पत्नीचं आडनाव घेतलं तर आडनाव मिळतं, सासऱ्याच्या वारशाचा हक्क नाही. दत्तक झाल्यावर तो मिळतो आणि साध्या दत्तकात जन्मदात्यांकडचाही सुटत नाही. प्रौढाला दत्तक घेता येतं. दत्तक घेणारा २० वर्षांचा झालेला हवा, आणि दत्तक जाणारा त्याच्याहून वयानं लहान. एका दिवसानं लहान असला तरी चालतं.

सुझुकी मोटार कंपनी अनेक वर्षं चालवणारे ओसामू (१९३०–२०२४) जन्मानं मात्सुदा. मिचिओंच्या नातीशी लग्न करून सुझुकी झाले, १९५८ मध्ये कंपनीत आले, १९७८ मध्ये अध्यक्ष झाले. धंद्याच्या घरांत मुलगा नालायक निघाला तर तो बदलता येत नाही, जावई मात्र पारखून आणता येतो, हा त्यामागचा रोकडा हिशेब. तरी या नात्याला तिथे मानच मान होता असं समजू नका. ‘तीन गो कोंडा घरात असेल तरी घरजावई होऊ नये’ अशी जपानी म्हण आहे. एक गो म्हणजे साधारण १८० मिलिलिटर. भात नव्हे, कोंडा!

सेनानी इसोरोकु यामामोतो (१८८४–१९४३) हेही मुळचे ताकानो, मोठेपणी, १९१६ मध्ये, यामामोतो घरात दत्तक गेलेले. पण तिथे लग्नाचा संबंध नव्हता, बुडत्या घराण्याचं नाव टिकवायचं होतं.

प्रश्न: लग्नानंतर आडनाव न बदलण्याची सोय जपानात नाही, हे खरं का?

दोन जपानी नागरिकांनी लग्न केलं तर खरं आहे. नागरी संहितेच्या ७५० व्या कलमानुसार दोघांनी मिळून एकच आडनाव घ्यावं लागतं, पतीचं किंवा पत्नीचं. कागदावर मुभा समान आहे, प्रत्यक्षात सुमारे ९५ टक्के वेळा पत्नीचं बदलतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ आणि २०२१ मध्ये हे कलम घटनाबाह्य नाही असा निर्णय दिला. परदेशी नागरिकाशी लग्न केलं तर आडनाव आपोआप बदलत नाही. जोडीदाराचं घ्यायचं असेल तर सहा महिन्यांत नुसती नोंद पुरते, त्यानंतर कुटुंब न्यायालयाची परवानगी लागते. घटस्फोटानंतर जुनं आडनाव आपोआप परत येतं. विवाहातलं ठेवायचं असेल तर तीन महिन्यांच्या आत कळवावं लागतं. ही मुदत चुकवणारे बरेच असतात, आणि मग न्यायालयाची पायरी.

‘जुनी परंपरा’ म्हणून याचं समर्थन होतं तेव्हा तारखा पाहाव्यात. सामान्यांना आडनाव लावण्याची मोकळीक १८७० मध्ये मिळाली, सक्ती १८७५ मध्ये झाली, आणि १८७६ च्या आदेशात बायकांनी माहेरचंच आडनाव ठेवावं असं होतं. नवरा-बायकोचं आडनाव एक ही सक्ती १८९८ ची. (१८७५ मध्ये सगळ्या शेतकऱ्यांनी रातोरात आडनावं शोधून काढली, ही गोष्टही अर्धीच खरी. पुष्कळांकडे घरगुती आडनावं आधीच होती, ती चारचौघांत लावायला बंदी होती.)

प्रसिद्ध व्यक्तींच्या यादीत याचा फटका खेळाडू स्त्रियांना बसतो. ज्युदोतल्या ऱ्योको यांनी १९९२ आणि १९९६ ला रौप्य, २००० ला सुवर्ण जिंकलं ते तामुरा म्हणून, आणि २००४ चं सुवर्ण व २००८ चं कांस्य तानी म्हणून. मधे त्यांनी बेसबॉलपटू योशितोमो तानींशी लग्न केलं होतं. पाच पदकं एका बाईची, पण आडनावानुसार लावलेल्या तक्त्यात ती दोघींत वाटली जातात.

राजघराण्याला आडनावच नाही. राजकन्या माको यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये लग्न केलं तेव्हा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आडनाव मिळालं, कोमुरो.

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या सूचीत ‘कोबायाशी इस्सा’ कुठे लावावं? आणि ‘हारुकी मुराकामी’?

जपानीत आडनाव नेहमी आधी. इंग्रजीतून आलेल्या मजकुरात १८६८ पूर्वीच्या माणसांचं आडनाव आधी आणि नंतरच्यांचं शेवटी, असा रिवाज पडला, म्हणून मराठीत ‘ओदा नोबुनागा’ पण ‘हारुकी मुराकामी’. १ जानेवारी २०२० पासून जपान सरकार आपल्या रोमन कागदपत्रांतही आडनाव आधी लिहितं, त्यामुळे आता बातम्यांत दोन्ही क्रम भेटतात. सूचीत सरसकट आडनाव आधी घ्या आणि पुढे स्वल्पविराम: ‘कोबायाशी, इस्सा’, ‘मुराकामी, हारुकी’. इस्सा हे कवीचं घेतलेलं नाव असल्यानं मजकुरात त्याला ‘इस्सा’ म्हणतात, ‘कोबायाशी’ म्हणत नाहीत. बाशो आणि सोसेकी यांचंही तसंच, म्हणून ‘इस्सा: पाहा कोबायाशी’ अशी जोडनोंद ठेवावी. मधे ‘नो’ असेल (आबे नो सेइमेइ, फुजिवारा नो मिचिनागा) तर ते कुळाचं नाव, आजच्या अर्थानं आडनाव नव्हे. ते अखंड लावा.

टोपणनावं आणि रंगमंचाची नावं आडनावबंधूंच्या यादीत मिसळू नका. युकिओ मिशिमा यांचं खरं आडनाव हिराओका. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातले नट अठरावे नाकामुरा कानझाबुरो कागदोपत्री नामिनो. त्यांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळवणारे शुजी नाकामुरा, भारतविद्येचे पंडित हाजिमे नाकामुरा (१९१२–१९९९) आणि अफगाणिस्तानात कालवे खोदणारे डॉक्टर तेत्सु नाकामुरा (१९४६–२०१९) यांच्या रांगेत बसवलं की यादी फसते. सुमो मल्लांची नावं तर बहुधा आखाड्यातलीच असतात.

प्रश्न: काही शतकांनी सगळे जपानी ‘सातो’ होणार, ही बातमी खरी की थट्टा?

आकडेमोड खरी आहे. तोहोकु विद्यापीठाचे हिरोशी योशिदा यांनी २०२४ मध्ये ती मांडली: आज लोकसंख्येत सुमारे दीड टक्का असलेले सातो, जोडप्याला एकच आडनाव ही सक्ती राहिली तर, २५३१ पर्यंत शंभर टक्के होतील. वेगळ्या आडनावांचा पुरस्कार करणाऱ्या मोहिमेसाठी केलेलं हे गणित आहे. एका वर्षाचा वाढीचा दर पाचशे वर्षं ताणलेला आहे, त्यामुळे २५३१ या आकड्याला फार चिकटू नये. तत्त्व मात्र पक्कं आहे. दर लग्नात एक आडनाव गळतं. दुर्मीळ आडनावाच्या घरात एका पिढीत फक्त मुली झाल्या आणि त्या सगळ्या सासरची नावं लावू लागल्या की ते आडनाव संपलं. सातोंना हा धोका नाही, कारण कुठल्या ना कुठल्या सातोंच्या घरी मुलगा असतोच.

प्रश्न: आडनावच नव्हे, पूर्ण नावही एक असलेले लोक जपानात किती जमले आहेत?

२९ ऑक्टोबर २०२२ रोजी तोक्योत १७८ हिरोकाझु तानाका एकत्र आले आणि गिनेस विक्रम झाला. आधीचा विक्रम अमेरिकेतल्या १६४ मार्था स्टुअर्टचा होता. पुढच्याच वर्षी सर्बियात २५६ मिलित्सा योवानोविच जमल्या आणि तानाकांचा विक्रम गेला. आता हे सगळे तानाका एकच का, तर वरच्या कसोटीनं पाहा: आडनावाच्या कांजी दोन, ‘भातखाचर’ आणि ‘मध्य’, त्या सगळीकडे त्याच. ‘हिरोकाझु’ मात्र अनेक प्रकारे लिहितात. म्हणून ऐकायला एक असलेले हे लोक कागदावर सगळे एकच नसतात.